फोनचा नुसता टच बदलून मिळतो का?

काच तडकली, चित्र नीट दिसतं, पण अर्धा टच मेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. फोन जुना असेल तर मिळेल. पूर्वी काच, टच आणि डिस्प्ले हे थर सुटे असायचे. इथे इंदूरला जेल रोडवर माझ्यासमोर कारागिराने स्क्रीन गरम प्लेटवर ठेवून बारीक तारेने वरचा थर सोलून काढला होता. मी श्वास रोखून!

आता बऱ्याच फोनांत टच डिस्प्लेच्या पोटातच असतो. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये तो तसाच होता. अशा एलसीडीत (मागून उजेड टाकणाऱ्या पडद्यात) तेच पारदर्शक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहणारे पातळ थर, क्षणभर चित्रासाठी, क्षणभर बोटासाठी राबतात. बोट टेकलं की तिथली विद्युतधारकता (वीज साठवायची क्षमता) किंचित बदलते आणि चिप ती टिपते. ओएलईडीत (ज्याचे ठिपके स्वतःच उजळतात अशा पडद्यात) टचची जाळी बहुधा पॅनेलच्या वरच्या थरावरच बसवलेली असते. म्हणजे टच गेला की अख्खा डिस्प्ले गेला.

 

दुकानदार ‘फक्त काच टाकून देतो’ म्हणाला तर टच डिस्प्लेच्या पोटात असलेल्या फोनला उपयोग नाही.