नार्सिसिस्ट माणसाशी कसं वागावं? त्याचं वागणं बदलता येतं का?

तुम्ही लिहिलंय, की एकत्र घरातले मोठे दीर प्रत्येक चांगल्या गोष्टीचं श्रेय स्वतःकडे घेतात, चूक दुसऱ्यावर ढकलतात आणि 'नाही' ऐकलं की आठवडाभर घर डोक्यावर घेतात. वाचताना माझा सख्खा मोठा भाऊच डोळ्यांसमोर आला.

त्यांच्यावर 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात रमण्याचा विकार असलेला माणूस, हा शिक्का मात्र मारू नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० पासून आहे. नऊपैकी किमान पाच लक्षणं, तीही वर्षानुवर्षं दिसावी लागतात. ते डॉक्टर ठरवतील. आपल्याला रोजचा दिवस निभवायचाय.

माझं चुकलं ते पुरावे देण्यात. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च मी केला होता आणि दादा पाहुण्यांना सांगत होता, सगळं मीच केलं. मी पासबुक काढून बसले. अर्ध्या तासात विषय पैशांवरून माझ्या 'हिशेबी स्वभावा'वर गेला आणि आई रडायला लागली.

त्यानंतर मी एकच वाक्य धरलं: "दादा, मला हे पटत नाही. तू शांत झालास की बोलू." एवढं म्हणून दुसऱ्या खोलीत जायचं. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. पहिले दोन-तीन महिने तो जास्तच बिथरला. मामांना फोन, आत्याला फोन, 'धाकटी फार बदलली' म्हणून. याची तयारी ठेवा. ज्या आरडाओरड्यानं इतकी वर्षं काम झालं, तो चालेनासा झाला की माणूस आधी आवाज वाढवून बघतो. एका दिवाळीत सणासुदीला वाद नको म्हणून मी पडतं घेतलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अधूनमधून नमणं हे रोज नमण्यापेक्षाही वाईट, कारण मग समोरचा चिकाटीनं ताणत राहतो.

त्याच्या वागण्यात फरक पडला तो दोन गोष्टींनी. एकदा तो स्वतःहून आईला तपासणीला घेऊन गेला, तेव्हा आत्यासमोर मी तसं सांगितलं. खोटी स्तुती नव्हती, झालं तेवढंच बोलले. आता दर महिन्याला तोच नेतो. दुसरं म्हणजे 'तू चुकलास' म्हणणं सोडून मी विचारते, "त्या वेळी आईला काय वाटलं असेल?" ब्रिटनमधल्या संशोधकांच्या २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, की अशा स्वभावाच्या लोकांना दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला सांगितलं, तर त्यांच्यातही सहानुभूती जागी होते. दादा दर वेळी थांबत नाही, कधीकधी थांबतो. माफी त्यानं आजवर मागितलेली नाही आणि मी तिची वाट बघणं सोडलंय.

शिवीगाळ, धमकी किंवा हात उगारणं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि मानसिक छळही येतो आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मन फार थकलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक बोलतात.

आणि हे सुरू करण्याआधी एकदा नवऱ्याशी एकांतात बोला. तुम्ही ठाम राहिलात आणि ते "जाऊ दे ना, मोठा आहे तो" म्हणाले, तर भाऊजी दर वेळी त्यांच्याकडेच जातील. वाक्य दोघांचं एकच असू द्या.