भाल्याने मासे मारायला बुडी घेण्याआधी जोरजोरात श्वास घेतला तर दम जास्त टिकतो का?

दम टिकल्यासारखा वाटतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. भराभर श्वास घेऊन रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. निरोगी माणसाचं रक्त आधीच त्याने जवळपास भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घ्यायची तळमळ मुख्यतः त्याच वायूमुळे होते, म्हणजे तुम्ही धोक्याची घंटाच बंद करून खाली जाता.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे उरलेला ऑक्सिजन शरीराला पुरतो. वर येताना दाब झपाट्याने उतरतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये, कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपते. प्रवाळाच्या कपारीत मोठा मासा दिसला की माणूस आणखी थोडं थांबतो. चांगली अनुभवी माणसंही अशीच गेली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

त्यापेक्षा शांतपणे, नेहमीच्या लयीत श्वास घ्या आणि जितका वेळ खाली होता त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती घ्या. जोडीदार हवाच: एक खाली, एक वर. खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट तरी नजर त्याच्यावरून हलवू नका. बुडी घेताना कमरेला बांधायचा वजनाचा पट्टा एका हाताने झटकन सुटेल असाच बांधा.

आणखी एक. उष्ण समुद्रात प्रवाळाजवळ मारलेला मोठा बॅराकुडा खाऊ नका. त्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं, आणि ते शिजवून जात नाही.