नाव छापलं नाही, तरी गाव ओळखतं

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद,

तू पाठवलेली बातमी वाचली, सोबतची पोलिसांची प्रेस नोटही वाचली. प्रेस नोटमध्ये सगळं सरळ आहे. ॲपवर ओळख वाढवून तिघांनी एका युवकाला गावाबाहेरच्या वावरात बोलावलं, मारलं, कपडे काढून व्हिडिओ केला आणि ‘हा गावाच्या ग्रुपवर टाकतो’ म्हणत त्याच्याकडून पुन्हा पुन्हा पैसे घेतले. आरोपी तिघे, फिर्यादी एक. तुझ्या बातमीत मात्र ते तिघे शेवटच्या ओळीत आले आणि मथळ्यात, थंबनेलवर, पहिल्या परिच्छेदात फिर्यादीच दिसतो. ‘युवकाचे समलिंगी चाळे उघड’! ही बातमी लावू नकोस. नव्याने लिही.

तू म्हणशील, नाव कुठे टाकलं? नाव नाही, खरं आहे. पण वय टाकलंस, गाव टाकलंस, वडिलांचं किराणा दुकान टाकलंस आणि पोरगा पुण्याची नोकरी सोडून आला हेही टाकलंस. ‘अंधेरीतील 24 वर्षीय युवक’ म्हटलं तर तो युवक लाखांच्या गर्दीत लपतो. आपल्याकडे दीडशे उंबरठ्यांच्या गावात लपायला जागाच नाही. संध्याकाळी पानठेल्यावर नाव निघेल, आठवडी बाजारात चार गावांना कळेल, बहिणीची सोयरीक कुठे चालू असेल तर तिथवर पोचेल. नाव न छापण्याचा नियम शहरात पुरतो. तालुक्याच्या पत्रकाराने बातमी लिहून झाली की स्वतःला विचारायचं: यावरून त्याच्या शेजाऱ्याला तो कळेल का? कळत असेल तर गाव काढ, वय काढ, धंदा काढ. ‘तालुक्यातील एक युवक’ एवढ्याने बातमीचं काहीही अडत नाही.

आणि हे नीट लक्षात घे. त्या तिघांची धमकी काय होती? गावाला सांगू. त्या पोराने जिवाचा धडा करून ठाण्याची पायरी चढली, कारण त्याला वाटलं कायदा आपल्या बाजूने आहे. तुझी बातमी अशीच लागली तर त्यांची धमकी त्यांच्या वतीने तू पुरी करशील. पुढचा पोरगा मग तक्रार करणार नाही, पैसे देत राहील किंवा विष घेईल. अशा टोळ्या याच भीतीवर जगतात, आणि ही भीती त्यांना फुकट पुरवणारे आपल्या धंद्यात पुष्कळ आहेत.

कायदा खरोखरच त्याच्या बाजूने आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 377 सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. त्याच निकालात केंद्र सरकारला सांगितलं होतं की याची टीव्ही, रेडिओ, छापील आणि ऑनलाइन माध्यमांतून वेळोवेळी प्रसिद्धी करा, पोलिसांना प्रशिक्षण द्या. तुझ्या तालुक्यात तो निकाल किती जणांना ठाऊक आहे? तुझ्या चॅनलवर तो कधी आला का? मला तर वाटतं, या बातमीत दोन ओळी त्याच्याच हव्यात: तक्रार करणाऱ्यावर गुन्हा लागत नाही. तालुक्यातल्या कुणातरी घाबरलेल्या माणसाला या दोन ओळींची नितांत गरज असेल.

कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या खोलीत शिरलं की काय होतं, ते विदर्भाच्या माणसाने तरी विसरू नये. डॉ. रामचंद्र सिरस नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जण कॅमेऱ्यासह त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषासोबतचं त्यांचं खाजगी चित्रण केलं. विद्यापीठाने घुसणाऱ्यांना सोडून सिरसांनाच निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. न्याय मिळाला, पण बदनामी त्याआधी सगळीकडे पोचली होती. म्हणून त्या वावरातल्या व्हिडिओचा एक तुकडाही, चेहरा धूसर करूनसुद्धा, लावू नकोस. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं आणि ते पसरवणं, दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही बातम्यांत द्वेष उघड नसतो, मांडणीत असतो. एखाद्या इसमाने लहान पोरावर अत्याचार केला की मथळ्यात ‘समलिंगी’ येतं. तो बालकावरचा अत्याचार आहे, पोक्सोचा गुन्हा आहे, तसंच लिही. मुलीवर अत्याचार करणाऱ्याच्या बातमीत आपण त्याचा लैंगिक कल लिहितो का? पुढारी सभेत म्हणाला की हे लोक विकृत आहेत, यांना गावाबाहेर काढा, तर ते ‘परखड मत’ म्हणून चालवायचं नसतं. तो बोलला ही बातमी असेल, तर त्याच वाक्याला लागून लिही की जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘दुसरी बाजू’ म्हणून खाली वेगळी चौकट नको. चौकट कुणी वाचत नाही.

तृतीयपंथीयांबाबत तर आणखी जपून. ‘मुलं पळवणारी टोळी’ हा मेसेज दर काही वर्षांनी फिरतो. मे 2018 मध्ये हैदराबादेत याच अफवेने जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला. त्यानंतर 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले गेले. भिक्षा मागत फिरणारे, वेगळे दिसणारे, बाजूने बोलणारं कुणी नसलेले लोक अशा वेळी पहिले सापडतात. असा मेसेज आला की ठाणेदारांना फोन लाव, खोटा ठरला की खोटा म्हणून लगेच चालव. ‘व्हायरल व्हिडिओ, सत्यता तपासलेली नाही’ असं लिहून मोकळं होणं ही पत्रकारिता नाही.

तुला बाबासाहेबांबद्दल किती आदर आहे ते मी जाणतो. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होता. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यात समलैंगिकताही आली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात छापील उत्तरं दिली हा त्यांचा गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लोक विचारतात तेव्हा त्यांना ज्ञान द्यायचं, ही बाबासाहेबांची भूमिका त्या काळातली आहे. आपण नव्वद वर्षांनी त्याच्याही मागे का जावं?

शेजारचं चॅनल हीच बातमी मीठमसाला लावून लावेल, त्याला व्ह्यूज येतील, आणि 26 जानेवारीच्या जाहिराती मागायला गेल्यावर तुला ते ऐकवलंही जाईल. तो तोटा खरा आहे, मी तो लहान म्हणत नाही. तरी सोस. तुझं वय आहे, नाव व्हायला वेळ आहे.

नवा मथळा असा कर: ‘ॲपवरून ओळख करून युवकाला लुटले, तिघांवर गुन्हा’. खाली कॉमेंट बंद ठेव. लावण्याआधी ठाण्यात जाऊन विचार: आरोपींचे मोबाइल जप्त झाले का? व्हिडिओ आणखी कुणाकडे गेला का? भारतीय न्याय संहितेतलं खंडणीचं कलम 308 लावलं का? याआधी असेच किती जण लुटले गेले? त्या मोबाइलमध्ये आणखी पोरांचे व्हिडिओ निघाले, तर खरी बातमी ती आहे आणि ती तालुक्यात दुसऱ्या कुणाकडेच नसेल. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. लिहून झालं की मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी वाचतो.

तुझा,
काका