सांगलीत काळी माती आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं. पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक बसवले तर थांबेल का?

थांबेल, पण ब्लॉकच्या जिवावर नाही. खाली काय भरता त्यावर सगळं आहे. आमच्या विश्रामबागच्या सोसायटीत ब्लॉक लाल घ्यायचे की राखाडी यावर मीटिंगा रंगल्या. खालच्या थराचं मी विचारलं तर "काका, ठेकेदाराला कळतं ते" म्हणून मला गप्प बसवलं.

ठेकेदाराला कळलं ते असं: मुरूम टाकून रोलर फिरवला, वर क्रशरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, अंथरली आणि फटींतही कचच झाडूने भरली. पहिल्याच वळवात ती भिजून गच्च बसली. चेअरमनसाहेबांना बोलावून मी त्यांच्यासमोर बादली ओतली. पाणी फटींवरून घरंगळत थेट मीटर रूमच्या उंबऱ्याला. साहेब म्हणाले, "मुरेल हळूहळू."

कुठनं मुरेल? पाण्याला आत पोकळी लागते. कच आणि मुरूम दोन्ही बंद. तळाला ४० एमएम धुतलेली खडी, त्यावर २० एमएम, ब्लॉकखाली आणि फटींत ६ एमएमची बारीक. एकसारख्या मापाच्या खडीत साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते, म्हणजे फूटभर थरात १२० मिमी पाऊस मावतो. गुंठाभर जागेवर ५० मिमी पडला तर पाच हजार लिटर झाले, बसवा हिशेब.

राहिली काळी माती. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. म्हणून मातीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडतं, माती अडवतं), खडीच्या तळाला भोकांचा पाइप, आणि तो गटाराला जोडायचाच. तुमचं गटार त्या पाइपपेक्षा खाली आहे ना, हे आधी बघा. नसेल तर बाकीचं वाचू नका. "बोअरला पाणी वाढेल" म्हणणाऱ्या विक्रेत्याला साताऱ्याच्या मुरमाड उतारावर पाठवा, तिथं जरा तरी जमेल.

हां, पाण्याचा टँकर आत येत असेल तर त्याच्या वाटेवर हे नको. दर उन्हाळ्यात फटींतली माती उपसून खडी बदलावी लागते, नुसत्या झाडूने भागत नाही. कृष्णेच्या पुरापुढं उपयोग शून्य; २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा ब्लॉक कुठले होते कोण बघतंय.

आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावरच द्या. आमच्या साहेबांनी नारळ फोडायच्या दिवशीच चेक दिला, आणि मीटर रूमला उंबरा वाढवायची वर्गणी आता माझ्याकडे मागतायत. देणार नाही.