नवशिक्यांना पियानोचं तंत्र आणि संगीतरचनेची ओळख एकत्र करून देता येईल, असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पीस कोणते?

बोटांचा सराव वेगळा आणि रचनेचे धडे वेगळे असं न करता दोन्ही एकाच पीसमधून शिकवता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं, आणि मी असंच शिकवते. फक्त एक नियम पाळते: पीस नीट वाजू लागला की त्याच्याच बंधनात राहून विद्यार्थ्यानं स्वतःचे चार बार (स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधले मात्रांचे चार गट) लिहायचे. ते झाल्याशिवाय पुढचा पीस नाही.

सुरुवात हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस'नं करा. सहा भाग, 153 पीस. त्यानं ते 1926 ते 1939 या काळात लिहिले आणि पहिले दोन भाग आपल्या मुलाला अर्पण केले. पहिल्या सहा पीसमध्ये दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतरानं तीच धून वाजवतात. कानाला हे अगदी सोपं. बोटांना मात्र नाही, कारण उजवा अंगठा सुरुवात करतो तेव्हा डाव्या हाताची करंगळी सुरुवात करत असते. आपले हात एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत, त्यामुळे उलट दिशेनं जाताना दोन्हीकडे तीच बोटं पडतात. म्हणून मी 12वा ('प्रतिबिंब') आणि 17वा ('विरुद्ध गती') लवकर घेते.

मग विद्यार्थ्याला सांगते, दोन्ही अंगठे सा वर ठेव, डावा एक सप्तक खाली, आणि तुझ्या धुनेचं प्रतिबिंब डाव्या हातात वाजव. सा समोर सा, रे समोर खालचा नि, ग समोर खालचा ध, इथपर्यंत गोड लागतं. म समोर खालचा प आला की खटकतं. आता तो स्वर टाळायचा, ओझरता ठेवायचा, की मुद्दाम त्यावर थांबायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. मी चूक-बरोबर काही सांगत नाही, फक्त पुन्हा वाजवायला लावते. सहा वर्षांचं मूलसुद्धा इथे कान देऊन निर्णय घेतं. काउंटरपॉइंटचा, म्हणजे दोन स्वतंत्र धुना एकत्र जुळवण्याचा, पहिला धडा यापेक्षा चांगला मला माहीत नाही.

त्यानंतर क्रिस्टियान पेट्झोल्डचा जी मेजरमधला मिन्युएट (एका जुन्या नृत्याच्या चालीतला छोटा पीस). योहान सेबास्टियन बाखची पत्नी आना माग्डालेना हिच्या 1725च्या वहीत तो आहे, त्यामुळे बरीच वर्षं तो बाखचाच समजला जात होता. त्याचे पहिले आठ बार प्रश्नासारखे अधांतरी थांबतात. पुढचे आठ बार बहुतेक तसेच, पण शेवट मूळ स्वरावर. पहिले आठ बार वाजवून थांबा आणि उत्तर विद्यार्थ्याला रचायला सांगा. मूळ उत्तर नंतर दाखवा.

बुर्गम्युलरच्या ओपस 100मधला 'अराबेस्क' बोटांच्या चपळाईसाठी उत्तम. उजव्या हातातली धाव पुढे डाव्यात येते. शूमानच्या 1848च्या 'मुलांसाठी अल्बम'मधल्या 'आनंदी शेतकरी'त धून डाव्या हातात आहे, म्हणून उजव्याला हलक्या आवाजात वाजवायला शिकावंच लागतं. चेर्नीचे बोटांच्या सरावाचे पीस मी बोटं अडली तरच देते, कारण त्यातून स्वतःचं काही लिहावंसं वाटलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

आणि मग बाखचं पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन हातांत दोन स्वतंत्र धुना असलेला छोटा पीस. 1723च्या प्रतीच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच लिहिलंय की हे पीस दोन स्वरावली स्वच्छ वाजवण्यासाठी आहेत आणि रचनेची गोडी लागावी म्हणूनही. सगळा पीस 'सा रे ग म रे ग सा प' एवढ्या बीजातून उगवतो. डावा हात तेच एक सप्तक खाली म्हणतो, आणि तिसऱ्या बारपासून बीज उलटं होऊन पायरी-पायरीनं खाली उतरतं. वाजवायला घेण्याआधी पेन्सिल द्या आणि हे बीज कुठे कुठे दिसतं तिथे खुणा करायला सांगा. आधी एक हात तुम्ही वाजवा, दुसरा विद्यार्थ्यानं, मग अदलाबदल. यात महिने गेले तरी जाऊ द्या.