ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये इआर पॉझिटिव्ह आलं, तर ते चांगलं लक्षण समजायचं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा, इआर ८०%, पीआर ५%' असं आहे. इआर म्हणजे इस्ट्रोजेनचा आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतला हार्मोन पकडणारा रेणू; टक्के म्हणजे चाचणीत त्यासाठी रंगलेल्या गाठीच्या पेशी. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पॉझिटिव्ह चांगलं मानतात, मग इथेही तसंच का, आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू होतील का?

इआरच्या ८०% वरून आईंच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधू नका. हाय ग्रेड सिरस या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बहुतेकींची गाठ इआर पॉझिटिव्हच असते. २०१३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त २,९३३ स्त्रियांच्या गाठींचा अभ्यास आला. त्यात हाय ग्रेड सिरसमध्ये इआर असण्या-नसण्याने आयुर्मानात फरक दिसला नाही. पीआरचा दिसला, पण निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तरच. ५% त्यात बसत नाही. पण म्हणून ते वाईटही नाही, या प्रकारात बहुतेक गाठींमध्ये पीआर कमीच असतं.

असं का? पेशीच्या केंद्रकात रिसेप्टर असणं वेगळं आणि गाठ त्याच्यावर जगणं वेगळं. पीआर तयार होतं ते इआरच्या हुकमाने, म्हणून भरपूर पीआर म्हणजे इआरची यंत्रणा खरोखर चालू असल्याची खूण. हाय ग्रेड सिरसचं मूळ मात्र हार्मोनमध्ये नसून जवळजवळ नेहमी पी५३ या पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या बिघाडात असतं. ओव्हरीच्या कॅन्सरच्या एन्डोमेट्रिऑइड प्रकाराची गोष्ट निराळी: तिथे इआर आणि पीआर दोन्ही चांगली लक्षणं ठरतात. क्लिअर सेल आणि म्युसिनस या आणखी दोन प्रकारांत ते क्वचितच सापडतात. त्यामुळे आधी प्रकार बघायचा, मग टक्के.

आता त्या ५% वर किती भरवसा ठेवायचा? ओव्हरीची गाठ मोठी असते आणि फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं रसायन) आत फार हळू झिरपतं. गाठ न कापता तशीच डब्यात रात्रभर राहिली तर बाहेरचा थर नीट टिकतो, मधला भाग खराब होतो, आणि पीआर खोटं निगेटिव्ह किंवा कमी येऊ शकतं. पॅथॉलॉजिस्टना विचारा: त्याच स्लाइडवर फॅलोपियन ट्यूबचं अस्तर किंवा ओव्हरीचा स्ट्रोमा (आधार देणारी नेहमीची ऊती) रंगलाय का? तोही कोरा असेल तर चाचणीच बिघडली, दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) परत करायला हवी. नमुना केमोच्या आधीचा की नंतरचा, हेही विचारा. केमोनंतर आकडे बदलू शकतात.

गोळ्यांबद्दल: लेट्रोझोल २.५ मि.ग्रॅ. रोज एक, या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीचा खरा उपयोग लो ग्रेड सिरस या हळू वाढणाऱ्या प्रकारात होतो. हाय ग्रेडमध्ये ती केमोची जागा घेत नाही; आजार परत आला आणि केमो झेपत नसेल, तर काही वेळा देतात, आणि थोड्याच जणींना गुण येतो. गोळी चालली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून आधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या.

ऑन्कोलॉजिस्टना मात्र आवर्जून विचारा: ऑपरेशननंतर पोटात डोळ्यांना दिसेल अशी गाठ उरली का, आणि बीआरसीए १ व २ (डीएनए दुरुस्त करणारी जनुकं) आणि एचआरडी (गाठीची ही दुरुस्ती बिघडली आहे का, ते पाहणारी) चाचणी केली का. पुढचं औषध बरंचसं त्यावर ठरतं, आणि बीआरसीएचा दोष आनुवंशिक निघाला तर तुमची व भावंडांचीही तपासणी लागते. सेकंड ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या.