धाकटं कडेवर, थोरलं बोटाला

आम्ही म्हापशाला राहतो. मुलगी अडीच वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. शनिवारी मंगेशी आणि कवळ्याची देवळं, रविवारी बोंडल्याचं अभयारण्य आणि परतताना मिरामारचा समुद्रकिनारा, असा बेत आहे. सासूबाई सोबत आहेत. मागच्या वेळी दुपारी दोन्ही मुलांनी एकदम रडारड केली आणि अर्ध्यावरून परतावं लागलं. नेमकं काय चुकतं?

बेत ठिकाणांवरून आखलाय, तो झोपेवरून आखा. पाच महिन्यांचं बाळ जागं झाल्यावर दोनेक तासांत पुन्हा पेंगतं. अडीच वर्षांच्या मुलीला दुपारची एकच झोप लागते, जेवणानंतर दीड-दोन तासांची. या दोन झोपा साडेबारा ते अडीचच्या सुमारास एकमेकींवर येतात. त्या वेळी तुम्ही देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे असाल तर दोघंही रडणारच, त्यात त्यांचा हट्ट नाही. तेवढा वेळ खोलीत पंख्याखाली जायला हवा. बाकी सगळं त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे बसवायचं.

शनिवारी सकाळी सातला निघा. मंगेशीपर्यंतच्या तासाभरात बाळाची एक झोप गाडीतच होते. आठच्या सुमारास देवळात गर्दी कमी असते आणि फरशी गार असते. तिथून कवळ्याची शांतादुर्गा जवळच आहे. साडेअकराच्या आत दोन्ही दर्शनं उरकून मुक्कामी पोचायचं. मुक्काम फोंड्याच्या बाजूलाच करा. देवस्थानच्या अग्रशाळेत (भक्तांच्या मुक्कामाच्या खोल्यांत) खोली मिळाली तर फार सोयीचं, पण आधी फोन करून खोली तळमजल्यावर आहे का आणि गरम पाणी मिळतं का, हे विचारून घ्या.

रविवारी सकाळी बोंडला. (ते गुरुवारी बंद असतं, रविवारी नाही.) पण त्याच दिवशी मिरामार नको. बोंडल्याहून पणजीपर्यंत सव्वा-दीड तास गाडीत काढून मुलं आधीच किरकिरी झालेली असतात आणि वाळूत उतरेपर्यंत भूक लागते. मिरामार तुम्हाला म्हापशाहून एरवी कुठल्याही संध्याकाळी जमेल.

बाबागाडी बोंडल्याच्या सपाट वाटेवर चालेल, देवळाच्या पायऱ्यांवर आणि वाळूत ती नुसतं ओझं होते. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर दुपट्टा पसरायची सवय अनेकांना आहे, ती मोडा. पातळ कापडानेही आतली हवा कोंडते, गरम होते आणि बाळ आत काय करतंय ते दिसत नाही. छत्री धरा किंवा सावलीत थांबा. बाळाला झोळीत छातीशी बांधणार असाल तर तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं राहिली पाहिजेत आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर असले पाहिजेत. मान नुसती वाकवून त्याच्या कपाळाचा मुका घेता आला, तर उंची बरोबर आहे. झोळीत तुमच्या अंगाची ऊबही त्याला मिळते, म्हणून कपड्यांचा एक थर कमीच ठेवा.

आणि एक. तिघं मोठी माणसं असली की मूल हरवण्याची भीती कमी होत नाही, उलट वाढते, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघतंय. गाडीतून उतरतानाच वाटणी बोलून टाका: मुलगी बाबांकडे, बाळ आईकडे, सामान आणि चपला सासूबाईंकडे. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, ‘आता ती तुझ्याकडे.’ मुलीला भडक रंगाचा फ्रॉक घाला आणि निघतानाच तिचा एक फोटो काढून ठेवा.

गाडीत बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसते, सगळेच तसं करतात. बाळासाठी वेगळी सीट घ्यावीच लागते का? जवळच जायचं असेल तर स्कूटर चालेल का? (डिचोली)

सीट घ्यावीच. गाडी ताशी चाळीसच्या वेगाने आदळली तर सात किलोचं बाळ हातांत धरून ठेवणं कुणाच्याही ताकदीत नसतं. पुढची एअरबॅग तर मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावरच उघडते. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर १००० रुपये दंड आहे.

तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर आणि तोंड मागे करून बसवायची. घट्ट बसली की नाही, हे पट्टा जातो तिथे हात धरून हलवून बघा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पट्टा पुन्हा ओढा. बाळाच्या खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. ओढल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी धरता आली तर तो सैल आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून वर पट्टा लावायचा नाही, कापड दबतं आणि पट्टा आपोआप ढिला होतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण. गाडी उन्हात उभी होती तर पट्ट्याची कडी आधी आपल्या मनगटाला लावून बघा, ती चांगलीच चटका देते. दर दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून आडवं करायचं. पोचल्यावर त्याच सीटमध्ये झोपू द्यायचं नाही, कारण हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो.

स्कूटरवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा हार्नेस, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्याहून लहान बाळाला स्कूटरवर नेऊच नका. त्याची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही.

बाळ आठ महिन्यांचं, थोरला तीन वर्षांचा. दिवसभर बाहेर असताना दूध आणि खाणं कसं न्यायचं? (मडगाव)

अंगावरचं दूध असेल तर बरोबर काही न्यावंच लागत नाही. काढलेलं दूध मात्र आपल्याकडच्या उकाड्यात पिशवीत उघडं ठेवू नका, बर्फाच्या पॅकसह डब्यात ठेवा. पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका. उकळतं पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत, अशी दोन्ही वेगळी न्या. कालवताना पाणी ७० अंशांच्या वर असावं, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात. आधी पाणी, मग सपाट केलेले चमचे, डब्यावर लिहिले असतील तेवढेच. बाटली गार पाण्यात धरून निववा आणि थेंब मनगटावर टाकून बघा. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभराने ओतून द्यायचं, कितीही जीव हळहळला तरी.

बाळाला उकड्या तांदळाची मऊ पेज उत्तम. तोंड रुंद असलेला थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओता आणि मगच वाफाळती पेज भरा. थंड थर्मासात भरलेली पेज दुपारपर्यंत कोमट होते आणि कोमट पेज लवकर बिघडते. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध नको.

थोरल्याच्या बाबतीत प्रसादावर लक्ष ठेवा. खोबऱ्याचा तुकडा, फुटाणे, अख्खे काजू, जत्रेतलं कडक खाजं, हे सगळं तीन वर्षांच्या गळ्यात अडकणारं आहे. खोबरं किसून द्या, द्राक्षं उभी चार तुकडे करून. चालत्या गाडीत काहीच खायला देऊ नका.

अडकलंच आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर मोठ्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. बाळाच्या पोटावर दाब देऊ नका. दिसत नसताना घशात बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा.

बाळाच्या डायपरमध्ये वाळू जाते आणि पुसलं की कातडी लाल होते. पावडर लावू का? (पणजी)

पावडर नको, ती श्वासात जाते. वाळू ओली असताना पुसली की ती कातडीवर घासली जाते. घरून दोन लिटर साधं पाणी न्या, वरून धार सोडा आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपा. मांडीच्या घड्या बोटाने उघडून बघा, वाळू तिथेच राहते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि पातळ लांब बाह्या पुरेत. मिरामारला संध्याकाळी पाचनंतर उतरलात तर ऊन आणि वाळू दोन्ही निवलेली असतात.

पावसात कुठे न्यायचं? (पेडणे)

जून ते सप्टेंबर समुद्र नकोच, पायाचा घोटा बुडेल इतक्या पाण्यातसुद्धा. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि दोन वर्षांचं मूल तिथेच बसतं. त्याऐवजी रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जा आणि त्याच बोटीने परत या. बोट हलली की मुलं खूश होतात. गाडीतच बसला असाल तर काच उघडी ठेवा आणि मुलाचा पट्टा बोटीवर असेपर्यंत सोडून ठेवा. बोटीची फळी पडून गाडी पुढे निघण्याआधी तो पुन्हा लावा.